म्युनिकमध्ये दोघांचे पहिले दिवस: तिकीट आणि रविवार

म्युनिकच्या विमानतळावर उतरलात की दोघांची वेगवेगळी तिकिटं काढायची घाई करू नका. यंत्रावर ग्रुपचं दिवसभराचं तिकीट असतं, पाच मोठ्या माणसांपर्यंत एकच चालतं आणि दोघांनाही बहुतेक वेळा तेच स्वस्त पडतं. विमानतळासाठी झोन ‘एम ते ५’ निवडा. नंतर शहरात फिरायला नुसता ‘एम’ पुरतो. तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतं. त्यावर शिक्का नसेल तर फलाटावर जाण्याआधी निळ्या यंत्रात घालून उमटवून घ्या. विनाशिक्का तिकीट म्हणजे विनातिकीटच, दंड ६० युरो.

शनिवारी पोहोचणार असाल तर सामान खोलीवर टाकून आधी सुपरमार्केट गाठा. रात्री आठला ती बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. स्टेशनातली मोजकी दुकानं तेवढी चालू असतात. ब्रेड, चीज, फळं, पाणी घेऊन ठेवा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, म्हणून रिकामी बाटली चेपू नका, दुकानातल्या यंत्रात परत करा.

रविवार मात्र वाया जात नाही. आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात त्या दिवशी कायमचा संग्रह १ युरोत पाहता येतो. तिथून इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्यापाशी जा. तिथल्या बिअर गार्डनमध्ये टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर घरचं खाणं खुशाल उघडा, पेय तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. शाकाहाऱ्यांची तर ही मोठीच सोय आहे.