टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन: पहिले सहा महिने कॅलेंडर हाताशी ठेवा

मी येळ्ळूरचा, भातशेती करणारा. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ काढली आणि अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तयार होणं बंद झालं. सकाळी उपाशीपोटी दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासलं, दोन्ही वेळा कमी आलं, मगच बेळगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. एकाच तपासणीवर कुणी सुरू करत असेल तर थांबा, दुसरी करून घ्या. आणि मूल हवं असेल तर पहिल्या सुईच्या आधीच सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की शुक्राणू तयार होणं मंदावतं, थांबतंही. मूल हवं असणाऱ्यांसाठी उपचार वेगळा असतो.

मला एनँथेट, म्हणजे सुईतून द्यायच्या टेस्टोस्टेरॉनचा एक प्रकार मिळाला, २५० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. तेलातलं औषध, कुल्ल्यात सावकाश टोचायचं, दर खेपेला बाजू बदलायची. पहिला आठवडा मी पहाटे उठून बांधावर हजर. सतराव्या-अठराव्या दिवसापासून मात्र हातपाय गळाले आणि चिडचिड वाढली. आई म्हणाली, "पोरांवर का ओरडूलालास रे?" मला वाटलं, डोस कमी पडतोय, वाढवून मागू.

इथेच बहुतेकांची चूक होते. त्या दिवसापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू लागलो. सुई घेतली त्या तारखेला गोल, आणि रोज रात्री एक-दोन शब्द: झोप, चिडचिड, शरीरसंबंधाची इच्छा, कामाचा दम. दोन फेऱ्यांनंतर कुणालाही दिसेल असं चित्र तयार झालं. सुरुवातीला चढ, शेवटी उतार. डॉक्टरांनी ते पाहून डोस वाढवला नाही, तोडला. निम्मं औषध, दर दहा दिवसांनी. एकूण औषध जवळपास तेवढंच, पण चढउतार बसला. अँप्यूलमध्ये उरलेलं औषध पुढच्या खेपेसाठी ठेवायचं नाही, टाकून द्यायचं. जीव तुटतो, तरी टाकायचं.

तपासणीची तारीखही कॅलेंडर पाहूनच ठरवा. मी एकदा सुईच्या तिसऱ्याच दिवशी रक्त देऊन आलो, कारण बाजाराला बेळगावला जायचंच होतं. आकडा तेराशेच्या वर. घाबरलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "सुई कधी घेतली होती?" एनँथेटसाठी दोन सुयांच्या बरोबर मधला दिवस धरतात, दहा दिवसांच्या फेरीत पाचवा. त्या दिवशी दर डेसिलिटर रक्तात ३५० ते ६०० नॅनोग्रॅमच्या दरम्यान आलं तर सहसा डोसला हात लावत नाहीत. जेल लावणाऱ्यांचा आणि अन्डिकॅनोएट या दुसऱ्या प्रकाराच्या लांब पल्ल्याच्या सुईचा हिशेब वेगळा, तो आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिपोर्टच्या कोपऱ्यात "सुईनंतर अमुक दिवस" हे स्वतःच्या हाताने लिहा, म्हणजे पुढे घोळ होत नाही.

एक बदल केला की दोन-तीन फेऱ्या तरी जाऊ द्या. इच्छा आणि मन तीन-सहा आठवड्यांत हलतं, ताकदीला तीन-चार महिने लागतात. मला भाताची लावणी गाठायची घाई होती, पण शरीर आपल्या चालीनेच गेलं. जिममधलं कुणी "अजून एक घे" म्हणालं तर तिथून उठून या.

माझ्यासारखी पिट्युटरीची गाठ असेल तर आणखी एक. प्रत्येक थकव्याचं खापर टेस्टोस्टेरॉनवर फोडू नका. थायरॉइड आणि कॉर्टिसोल या दुसऱ्या हार्मोन्सच्या गोळ्याही लागू शकतात. उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही असं झालं तर पुढच्या सुईची वाट न बघता दवाखाना गाठा. कॉर्टिसोल कमी पडणं जिवावर बेतू शकतं, आणि टेस्टोस्टेरॉन त्याला उतारा नाही.

हिमॅटोक्रिट हा शब्द पाठ करा, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के. टेस्टोस्टेरॉनने लाल पेशी वाढतात, रक्त दाट होतं. सुरू करण्याआधी, मग तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी तो बघायचा. ५४ टक्क्यांच्या वर गेला तर सुई थांबवतात आणि खाली आल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू करतात. माझा पाचव्या महिन्यात ५२ आला. झोपेत श्वास अडकल्यानेही तो वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी घोरण्याबद्दल विचारलं, बायकोने लगेच "हो, श्वास अडकतो" सांगितलं, आणि झोपेची तपासणी लिहून मिळाली. छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला तर मात्र रिपोर्टची वाट बघू नका, त्याच तासाला गाडी काढा.