ऑफिसात 'हे लोक असेच असतात' म्हणणं कसं सोडायचं

नागपुरात मिहानमधल्या एखाद्या आयटी कंपनीत जा नाहीतर जवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये, एकाच टीममध्ये गोंदियाचा पोरगा, पुण्याहून आलेली लीड, रायपूरचा अकाउंटंट, केरळचा टेस्टर, जरीपटक्यातला सिंधी सेल्सवाला आणि मणिपूरची मुलगी असे सगळे भेटतात. आणि महिनाभरात प्रत्येकावर शिक्का बसलेला असतो, पुण्याची म्हणजे शिष्ट, विदर्भातला म्हणजे आरामात, सिंधी म्हणजे पैशाला पक्का, आणि मणिपूरच्या मुलीला तर लोक सरळ विचारतात की तू नक्की भारतातलीच ना. कोणी मुद्दाम वाईट वागत नसतं बहुतेक वेळा, पण ज्याच्यावर शिक्का बसतो त्याचं काम, प्रमोशन, जेवणाची जागा सगळं त्यावरून ठरायला लागतं, म्हणून हे गंभीरपणे घ्या.

सुरुवात स्वतःच्या वाक्यापासून करायची. तोंडात 'ते लोक' आलं की थांबा, आणि तेच वाक्य माणसाचं नाव आणि घडलेली गोष्ट घालून परत म्हणा. 'बिहारी आहे, उद्धटच बोलणार' याच्या जागी 'काल क्लायंटच्या कॉलवर त्याने मला दोनदा मधेच तोडलं'. दुसऱ्या वाक्यावर त्याच्याशी बोलता येतं, तो उत्तर देऊ शकतो, उद्यापासून बदलू शकतो. पहिल्या वाक्यावर तो बिचारा काय करणार, जन्म कुठे घ्यायचा हे थोडंच त्याच्या हातात होतं. आणि कधी कधी नाव-गोष्ट घालायला गेलं की लक्षात येतं, गोष्ट काही घडलेलीच नाही, आपण नुसतं ऐकीव घेऊन बसलोय.

आपल्या नागपूरकरांना तर हे लवकर कळायला पाहिजे कारण हेड ऑफिस पुण्या-मुंबईला असलं की आपणच त्या शिक्क्याखाली असतो. मराठी माणूस असून हिंदीत काऊन बोलतो म्हणून हसतात. अरे नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, कोर्टकचेरी, बाजार, शेजार सगळीकडे हिंदी आणि मराठी सोबत चालायची, महाराष्ट्र तर 1960 मध्ये झाला. आळशी म्हणतात तेही तसंच, मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दुपारी साईटवर कोणी धावपळ करत नाही, तो माणूस सकाळी सहाला येऊन अर्धं काम उरकून बसलेला असतो, पण अकराला येणाऱ्याला ते दिसत नाही. प्रत्येक शिक्क्यामागे असं काहीतरी कारण असतं, आणि ते त्याच माणसाला विचारलं तरच कळतं.

आता खरा घोळ कामात कसा होतो ते बघा, कारण तिथेच जास्त भांडणं लागतात. लीड विचारते, 'शुक्रवारपर्यंत होईल ना?' आपला पोरगा म्हणतो, 'हो मॅडम, होऊन जाईल.' त्याच्या मनात असतं की प्रयत्न करतो, मॅडमला तोंडावर नाही कसं म्हणायचं. तिने शुक्रवारची तारीख क्लायंटला कळवून टाकलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी काम अर्धवट, ती म्हणते विदर्भातल्या लोकांवर भरवसाच नाही, तो म्हणतो पुणेकर माणुसकी सोडून बोलतात. यात कोणाचा स्वभाव वाईट नाही, प्रश्न चुकीचा विचारला. 'होईल ना' असं विचारायचंच नाही. विचारायचं की शुक्रवारी दुपारपर्यंत कोणता भाग तयार असेल, कोणता नसेल, आणि अडलं तर गुरुवारी कोणाला सांगशील. उत्तर त्यालाच ग्रुपवर दोन ओळीत टाकायला सांगा. आणि ज्या दिवशी कोणी 'नाही जमणार' म्हणेल त्या दिवशी त्याच्यावर भडकू नका, नाहीतर पुढच्या वेळी परत 'हो' च ऐकायला मिळेल.

बोलण्याचा सूरही असाच. आपल्याकडे दोस्ताला 'काय बे' म्हणणं आपलेपणाचं, लखनौच्या माणसाला तो अपमान वाटतो, आणि तो जे 'आप आप' करतो ते आपल्याला परकं वाटतं. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या की तुला कसं बोलावलेलं चालतं. त्याने सांगितलं की पाळा, 'आमच्याकडे असंच चालते' म्हणून लादू नका.

आडनावाचं जरा स्पष्ट बोलते. नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न 'पूर्ण नाव काय', मग 'मूळ गाव कोणतं', मग 'तुमच्यात लग्नं कुठे होतात', आणि सगळ्यांना माहीत आहे हे कशासाठी चाललंय. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवून बघितले, 2007 मध्ये ते छापून आलं, दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणं कमी आलं. शिक्षण तेच, फक्त नाव वेगळं. म्हणून तुमच्या हातात भरती असेल तर पहिली चाळणी नाव झाकून करा, आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. चहाच्या टपरीवर कोणी जात खोदायला लागलं तर विषय बदला, एवढं तर कोणीही करू शकतं.

डब्याचं छोटं वाटतं पण नसतं. कोणी सुकट आणली, कोणी सावजी मटण आणलं, की नाकं मुरडतात आणि तो माणूस दुसऱ्या दिवसापासून एकटा जेवतो. वासाचा त्रास खरा असू शकतो, मग खिडकीजवळचं टेबल ठरवा, मायक्रोवेव्ह पुसायचा नियम सगळ्यांना सारखा लावा, माणसाला वेगळं बसवू नका. सुट्ट्यांचं कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून भरा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, अनेकांच्या घरी गावाकडची पाहुणेमंडळी उतरलेली असते, तेव्हा रिलीज ठेवली की अर्धी टीम नाराज होणारच. छठ, ओणम, रमजानची इफ्तारची वेळ, हे पण त्यात लिहा.

कामं वाटताना एकदा मागच्या दोन महिन्यांची यादी काढून बघा. मीटिंगच्या नोट्स दर वेळी बाईकडेच आहेत का? इंग्रजी कॉल फक्त कॉन्व्हेंटवाल्यालाच, जड सामान गडचिरोलीच्या पोरालाच, वसुली मारवाड्यालाच? आपोआप झालेलं असतं, म्हणून पाळी लावा. आणि लोकांना जवळ आणायला पॉटलक आणि पारंपरिक पोशाखाचा दिवस एवढ्यावर थांबू नका, तिथे परत आपापले घोळकेच बसतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की पूर्वग्रह कमी व्हायला बरोबरीचं स्थान, एकच ध्येय, एकमेकांशिवाय न होणारं काम आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. म्हणजे गोंदिया आणि केरळ यांना एकाच मॉड्यूलवर सारख्या जबाबदारीने बसवा, तेही तीन-चार महिने.

कोणी समोर जोक मारला तर लांब भाषण नको. 'हे काय म्हणायचं होतं, समजलं नाही' एवढं शांतपणे विचारा, जोक समजावून सांगताना माणूस स्वतःच अडखळतो. ज्याच्यावर जोक झाला त्याला नंतर एकट्यात विचारा की तुला काय हवंय, त्याच्या वतीने परस्पर तक्रार करू नका.

आणि तुमच्यावरच होत असेल तर त्याच दिवशी तारीख, शब्द आणि कोण हजर होतं ते स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये नको. पहिली तक्रार मेलवर करा, तोंडी नाही. लैंगिक छळ असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागतेच, तिचं नाव-नंबर भिंतीवर नसेल तर एचआरला मेल करून मागा. चारचौघात जातीवरून अपमान केला तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसासाठी 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात थेट पोलिसांकडे जाता येतं, कंपनीची परवानगी लागत नाही.