पाणी तापवायच्या रॉडचा रोध आणि वॅट घरीच कसे काढावेत

थंडी पडली की शेजारच्या काकूंची तक्रार ठरलेली: "रॉड गेलाय बघ रे, पाणी तापेनाच झालंय." बहुतेक वेळा रॉड चांगला असतो. सकाळी सहा-साडेसहाला गल्लीतले सगळे गिझर आणि रॉड एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज उतरते. नवा रॉड आणण्याआधी दोन आकडे मोजावेत, एक भागाकार आणि एक गुणाकार करावा. दोष रॉडचा की लाइनचा, ते पाच मिनिटांत कळते.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. बेळगावकडे लाईट गेली की "करंट गेला" म्हणतात, पण हिशेबात करंट म्हणजे वायरीतून वाहणारी धारा, ती अँपियरमध्ये मोजतात. तिला ढकलणारा दाब व्होल्टमध्ये, तिला होणारा विरोध म्हणजे रोध ओहममध्ये. जॉर्ज ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 मध्ये मांडलेला नियम एवढाच: व्होल्टला अँपियरने भागले की ओहम मिळतात. आणि व्होल्टला अँपियरने गुणले की वॅट.

आता मोजणी. रॉड पाण्यात बुडवून मगच बटण दाबा, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. व्होल्टेज रॉड चालू असतानाच बघायचे, कारण भार पडल्यावर ते आणखी उतरते. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये दोन्ही टोके घाला. त्याआधी मीटरची लाल वायर अँपियरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दोनदा तपासा. ती तिथे असताना टोके सॉकेटमध्ये गेली तर सरळ शॉर्टसर्किट होते.

करंटसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर घ्या, वायर तोडावी लागत नाही. मात्र त्याच्या जबड्यात एकच वायर हवी. आख्खी केबल धरली तर जाणारी आणि परतणारी धारा एकमेकींना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. फेज आणि न्यूट्रल वेगळ्या ठेवलेली छोटी एक्स्टेंशन वायरमनकडून करून घ्या. उघड्या वायरीशी खेळू नका.

समजा दुपारी 225 व्होल्ट आणि 6.4 अँपियर आले. 225 भागिले 6.4 म्हणजे सुमारे 35.2 ओहम. 225 गुणिले 6.4 म्हणजे 1440 वॅट. रॉडवर 1500 वॅट छापलेले असते ते 230 व्होल्टसाठी, तेव्हा हा रॉड ठणठणीत आहे.

सकाळी तोच मीटर 190 व्होल्ट दाखवतो. तापणाऱ्या तारेचा रोध फारसा बदलत नाही, म्हणून 190 भागिले 35.2, म्हणजे 5.4 अँपियर. वॅट उरले सुमारे 1026. दाब 16 टक्क्यांनी उतरला आणि ताकद जवळजवळ 29 टक्क्यांनी! दाब कमी झाला की करंटही कमी होतो, म्हणून घट दोनदा लागते. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला दुपारी 24 मिनिटे लागतील, सकाळी 34. काकूंच्या तक्रारीचे उत्तर या दहा मिनिटांत आहे. सकाळी मोजूनही ओहम 35च्या आसपास येत असतील तर रॉड बदलू नका.

युनिट मात्र दोन्ही वेळी तेवढेच पडते, बादलीमागे साधारण 0.58. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला सुमारे 70 युनिट. कर्नाटकात 2023 पासून घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना आहे. तिच्यात महिन्याचा वापर 200 युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. वीज कंपनी हेस्कॉमचे बिल कन्नडमध्ये असले तरी युनिटचा आकडा वाचता येतो. नुसत्या आंघोळीचे 70 युनिट त्यात धरून बघा.

जुन्या पिवळ्या बल्बला हा हिशेब लावताना जपावे. 100 वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना 529 ओहम असतो, थंड असताना मोजला तर त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी भरतो.

यंत्रमागाच्या किंवा विहिरीवरच्या मोटरला तर हा भागाकार लावूच नये. तिथे व्होल्ट भागिले अँपियर म्हणजे गुंडाळीचा रोध नव्हे. वॅट काढताना पॉवर फॅक्टरनेही (व्होल्ट-अँपियरच्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा हिस्सा) गुणावे लागते, आणि थ्री फेज असेल तर शिवाय 1.732 ने. 5 एचपीचा पंप 415 व्होल्टवर 7.5 अँपियर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर 0.8 असेल, तर 1.732 गुणिले 415 गुणिले 7.5 गुणिले 0.8, म्हणजे सुमारे 4310 वॅट.

दाब उतरला की रॉड कमी करंट घेतो, पण भार तेवढाच असलेली मोटर जास्त ओढते. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: 7.5 चे 9 अँपियर झाले की उष्णता 1.44 पट. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांनी आणि खानापूरकडच्या शेतकऱ्यांनी मोटरच्या पाटीवरचा अँपियरचा आकडा स्टार्टरच्या झाकणावर ठळक लिहून ठेवावा. क्लॅम्प मीटर त्याच्या वर दाखवू लागला की मोटर बंद करायची, आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर आपोआप बंद करणारा भाग) त्याच आकड्यावर लावलेला आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यायचे.