परसातल्या कोंबड्या आणि मांजराचं रानटी पिल्लू: या चुका टाळा

खुराड्यामागच्या लाकडांत एखादी भाटी (मांजरी) व्यायली की घरात दोन पक्ष पडतात. मुलं बशी घेऊन धावतात, आजी काठी शोधते. शेवटी बहुतेक घरांत मधला मार्ग निघतो: हाकलायचं नाही, घरातही घ्यायचं नाही, उरलंसुरलं परसात टाकायचं. कोंबड्यांच्या दृष्टीने यापेक्षा वाईट मार्ग नाही. खाऊन माजलेलं, माणसाला बुजणारं आणि खुराड्याची खडानखडा माहिती असलेलं मांजर अशाच घरात तयार होतं.

पिल्लू गेलं की नाव मांजराचं

दीड-दोन महिन्यांचं मांजराचं पिल्लू अंगाने भरलेल्या कोंबडीचं काही बिघडवू शकत नाही. पिल्लंवाली कोंबडी तर त्याला टोचून टोचून कुंपणापार घालवते. खरा धोका असतो मोठ्या मांजराचा, आणि तोही मुख्यतः कोंबडीची पिल्लं पहिल्या दोनेक महिन्यांची असताना. म्हणून राग काढण्याआधी खुणा बघा.

मांजर कोंबडीचं पिल्लू उचलून नेतं, मागे फार तर चार पिसं राहतात. एका रात्रीत दोन-चार कोंबड्या मानेला चावे घेऊन मारलेल्या सापडल्या, तर संशय मुंगसावर किंवा उदमांजरावर घ्या. जमिनीलगतच्या फटीत पंख नाहीतर पाय अडकलेला दिसला आणि जवळ ताजं बीळ असलं, तर ती घूस. अंडी कवचासकट नाहीशी होत असतील, तर सापाचा विचार करा. भरदुपारी अंगणातून पिल्लू गेलं असेल, तर आधी वर पाहा. घार, शिक्रा आणि कावळा यांचं नाव कुणी घेत नाही.

यातल्या निम्म्या चोरांना मांजर हाकलून देऊन काहीच फरक पडत नाही. घुशी तर उलट वाढतात.

उचलण्याची घाई

एकटं पिल्लू ओरडताना दिसलं की आपण ते अनाथ ठरवून मोकळे होतो. आई शिकारीला गेली की काही तास फिरकत नाही, आणि माणूस जवळ उभा असेल तर मुळीच येत नाही. पोट भरलेलं, अंग कोरडं आणि ऊबदार असलेलं पिल्लू गप पडून असेल, तर त्याला हात लावू नका. लांबून लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: ते पिल्लू पाळीव मांजराचंच आहे का? जुन्नरसारख्या उसाच्या भागात तोडणीच्या हंगामात फडातून रानमांजराची आणि वाघाटीची पिल्लं सापडतात आणि लोक ती घरी आणतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झाली तरी घरच्या मांजराहून लहानच. करड्या-तपकिरी पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर उभे पट्टे आणि आखूड गोल कान दिसले, तर थांबा. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर पट्टे असल्याने ती गावातल्या पट्टेरी मांजरासारखीच वाटतात. मात्र पाय लांब आणि शेपूट आखूड. दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिल्लू जागेवर राहू द्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. त्याच जागी रात्री आई येऊन पिल्लं घेऊन गेल्याची उदाहरणं या भागात बरीच आहेत.

बशीभर दूध

गाई-म्हशीच्या दुधाने मांजराच्या पिल्लाला हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला ती एका दिवसात संपवू शकते. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू खरंच पोरकं असेल, तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती आणा. पाजताना त्याला पोटावर ठेवा. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. (कोंबडीच्या पिल्लांसाठी बल्ब लावलेल्या खोक्यातच तेही ठेवून द्यायचा मोह होतो. ठेवू नका.) चार आठवड्यांपुढे पाण्यात कालवलेलं मऊ मांस-मासे चालतात.

अर्धवट पाळणं

पाळायचं असेल तर लवकर ठरवा. दोन ते सात आठवड्यांच्या काळात पिल्लू माणसाला सहज सरावतं. दोन-अडीच महिन्यांच्या पुढे काम अवघड होत जातं, आणि वाढलेलं रानटी मांजर बहुधा मांडीवर येत नाही. तेव्हा पिल्लू एका खोलीत किंवा मोठ्या पिंजऱ्यात ठेवा, हाताने खायला घाला, घरातले आवाज त्याच्या कानावर पडू द्या. परसात भाकरीचे तुकडे फेकून मांजर माणसाळत नाही, फक्त खुराड्याशेजारी मुक्काम करतं.

याच जोडीने होणारी चूक म्हणजे कोंबडी कापल्यावर आतडी आणि डोकं मांजरापुढे टाकणं. कोंबडीचा वास आणि चव कशाशी जोडायची, हे आपणच त्याला शिकवतो. आणि कोंबड्या आजाराने मरत असतील, तर मेलेला पक्षी मांजराला देणं धोक्याचं आहे. २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, ते बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने. मार्जारकुळाला हा आजार पक्ष्यांकडून होतो. मेलेली कोंबडी हातमोजे घालून खोल पुरा. एकाएकी अनेक मरू लागल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

ओळख करून देताना

पहिली ओळख मोठ्या कोंबड्यांशी व्हावी, शक्यतो जाळीपलीकडून. एकदोन टोचे खाल्लेलं मांजराचं पिल्लू पुढे कोंबडीला वळसा घालून जातं. एवढं चांगलं वळण आपल्याला लावता येत नाही. पिल्लंवाल्या कोंबडीपुढे मात्र ते मोकळं सोडू नका, ती डोळा फोडेल.

पाठलाग सुरू झाला की “खेळतंय” म्हणून लोक हसतात. दबकून बसणं, शेपटीचं टोक हलवणं आणि झेप ही शिकारीचीच तालीम असते. तिथल्या तिथे लक्ष दुसरीकडे वळवा, दोरीला बांधलेली चिंधी द्या. आणि चार महिने गुण्यागोविंदाने राहिलं म्हणून सहाव्या महिन्यात कोंबडीची नवी पिल्लं त्याच्या भरवशावर सोडू नका. गळ्यात घंटा बांधण्याचाही उपयोग नाही, कारण तिचा अर्थ आठवड्याच्या पिल्लाला कुणी सांगितलेला नसतो.

पिल्लं डालग्याखाली आणि डालग्यावर दगड, ही जुनी रीत दिवसा पुरते. रात्रीसाठी खुराडंच पक्कं हवं. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला अडवायला अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली ताठ तारेची जाळी) लागते. ती तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर पसरून मातीने झाका, म्हणजे उकरणारा तिथेच अडतो. दाणे रात्री उघडे ठेवू नका. दाण्यांमागे उंदीर येतात, उंदरांमागे मांजर.

औषध, विष आणि पोतं

खुराड्यातल्या उवा-गोचिडांसाठी फवारतात त्यांतलं परमेथ्रिन मांजराला जीवघेणं ठरतं. फवारणी पूर्ण वाळेपर्यंत त्याला लांब ठेवा, आणि कोंबड्यांचं औषध पिसवांसाठी त्याच्या अंगावर चोळू नका. पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला मारते. उंदराचं विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात गेला, तर विषही जातं.

मुद्दाम विष घालणं हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोत्यात घालून बाजारात सोडून येण्याने प्रश्न फक्त दुसऱ्याच्या दारात जातो, आणि रिकाम्या जागेवर नवा बोका येतो. त्यापेक्षा नसबंदी करा. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण ६३ दिवसांत विते. पिल्लू दोन महिन्यांचं आणि किलोभर वजनाचं झालं की पशुवैद्याला विचारा. त्याच्या आईलाही सापळा-पिंजऱ्यात धरून न्या, नाहीतर लाकडांमागे पुन्हा तेच.

तूस आणि कोंबड्यांची धुळीत लोळण्याची जागा मांजराला शौचाला फार आवडते. विष्ठा रोजच्या रोज काढा. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या धोक्यामुळे गरोदर बाईने हे काम करू नये. रानटी पिल्लाने चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना न लावता त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा, पिल्लू तळहाताएवढं असलं तरी.