कर्करोगाच्या उपचारांत चित्रकला आणि सजगता : सुरुवात कशी करावी

कर्करोगाचे निदान झाले की शरीराचा ताबा डॉक्टरांकडे, तारखांकडे आणि रिपोर्टांकडे जातो. मन मात्र कोणाच्याच ताब्यात नसते आणि पुढच्या स्कॅनमध्ये काय निघेल, या एकाच प्रश्नाभोवती रात्रंदिवस घिरट्या घालत राहते. अशा मनाला ‘शांत हो’ किंवा ‘चांगला विचार कर’ असे सांगून काही साधत नाही. त्याला टेकायला जागा हवी असते, आणि ती पुष्कळदा हातांना मिळालेल्या एखाद्या साध्या कामात सापडते.

चित्र काढल्याने किंवा ध्यान केल्याने गाठ लहान होत नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे. औषध, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांची जागा ही साधने घेऊ शकत नाहीत. गाठ वाढली तर ‘मी पुरेसे सकारात्मक राहिलो नाही’ असा अपराधभाव त्यांतून निर्माण होणे हे तर अत्यंत अन्यायाचे आहे. त्यांचा उपयोग चिंता आणि खिन्नता यांचा भार हलका करण्यासाठी होतो. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ दुखणी सोसणाऱ्या रुग्णांसाठी सजगतेचा, म्हणजेच माइंडफुलनेसचा, जो अभ्यासक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांच्या स्वरूपात कर्करुग्णांपर्यंतही पोहोचला. कर्करुग्णांमधील चिंता आणि नैराश्य यांबाबत अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या संस्थेने 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सजगतेवर आधारित उपायांची शिफारस आहे.

साहित्य मोजकेच घ्यावे : जाड कागदाची एक वही, काही ऑइल पेस्टल, म्हणजे तेलकट रंगखडू, किंवा जलरंग आणि एक मऊ पेन्सिल. टर्पेंटाइन लागणारे तैलरंग टाळावेत, कारण केमोच्या काळात त्या वासानेच मळमळू लागते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना उघड्यावरची माती हाताळू नये. मातीकाम करायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असतील तर कात्रीऐवजी कागद हातानेच फाडावा; फाटलेल्या कडांचे चित्र पुष्कळदा अधिक देखणे होते. काही औषधांमुळे बोटांना मुंग्या येतात किंवा ती बधिर होतात. अशा वेळी पेन्सिलीला कापड गुंडाळून तिची पकड जाड करून घ्यावी. ज्या बाजूच्या काखेतील लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) शस्त्रक्रियेत काढल्या असतील, त्या हाताने खूप वेळ एकाच स्थितीत काम करू नये.

‘मला चित्र काढता येत नाही’ ही सबब येथे लागू पडत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे मनाला येईल ते चित्र किंवा वस्तू बनवली. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेले आढळले आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने त्यात विशेष फरक पडला नाही. ही माणसे निरोगी होती, हे मात्र लक्षात ठेवावे.

पहिला प्रयोग दहा मिनिटांचा ठेवावा. पाठीला आधार देऊन बसावे आणि दोन्ही तळपाय जमिनीला कोठे टेकले आहेत, ते जाणवू द्यावे. मग पेन्सिल कागदावर ठेवून श्वास आत घेताना रेघ वर न्यावी आणि सोडताना खाली आणावी. रेघ वेडीवाकडी झाली तरी ती तशीच राहू द्यावी. मध्येच उद्याच्या रक्ततपासणीचा विचार येईल. तो आला की मनात ‘काळजी’ एवढाच शब्द उच्चारून लक्ष पुन्हा पेन्सिलीच्या टोकाकडे आणावे. विचार न येणे हे येथे उद्दिष्टच नाही. तो आल्याचे ध्यानात येणे आणि परत वळणे, हाच सगळा सराव आहे. ज्यांना धाप लागते त्यांनी श्वासाकडे लक्ष देऊ नये, कारण त्याने घाबरेपणा वाढू शकतो. त्यांनी कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज ऐकावा किंवा हाताचा स्पर्श अनुभवावा.

हे जमू लागल्यावर शरीराचा नकाशा काढून पाहावा. माणसाची एक ढोबळ आकृती काढून जिथे दुखते, जिथे भीती बसलेली वाटते आणि जिथे बरे वाटते, अशा ठिकाणी वेगवेगळे रंग भरावेत. शस्त्रक्रिया झालेल्या भागाकडे पाहणे असह्य वाटत असेल तर तो कोरा सोडावा. त्याला हात लावलाच पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. बरे वाटणारी जागा अंगठ्याएवढीच असेल, तरी ती रंगवायला विसरू नये.

लिहिण्याची ओढ असलेल्यांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धत आहे. 1986 मधल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, मनाला बोचणाऱ्या अनुभवाविषयी लिहिले होते. कर्करुग्णांवरच्या अभ्यासांत मात्र या पद्धतीचे परिणाम एकसारखे आलेले नाहीत. त्यामुळे लिहून झाल्यावर तासाभरानेही मन अधिक जड वाटत असेल तर लेखन सोडून रंगांकडे वळावे.

वेळ निवडताना कॅलेंडरपेक्षा केमोच्या सायकलकडे, म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतच्या चक्राकडे, पाहावे. अनेकांना सलाइननंतरचे पहिले काही दिवस सर्वाधिक थकव्याचे जातात. तेव्हा कागदावर नुसता एक रंग पसरवला तरी पुष्कळ झाले. अंगात त्राण आल्यावर मोठे काम घ्यावे. केमोच्या खोलीत आपला सर्वांत आवडता छंद मात्र नेऊ नये, कारण मळमळ आणि ती वस्तू यांची मेंदूत सांगड बसते व पुढे ती वस्तू पाहूनही पोटात ढवळू लागते. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध गडद लाल असते आणि ते घेतलेल्या काहींना नंतर तो रंगच नकोसा होतो. लाल पेस्टल काही महिने डब्याबाहेर राहिला तर बिघडत नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांनी हेन्री मातीस यांची गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. 1941 मध्ये पोटातील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर या फ्रेंच चित्रकाराला उभे राहून काम करणे कठीण झाले. मग सहायकांनी रंगवून दिलेले कागद तो पलंगावर किंवा चाकांच्या खुर्चीत बसून कात्रीने कापू लागला आणि त्याचे शेवटचे मोठे काम त्यातूनच उभे राहिले. आपण मातीस नसलो तरी दुसऱ्याने रंगवलेला कागद कापण्याची किंवा फाडण्याची मुभा आपल्यालाही आहे.

घरच्यांनी या चित्रांचे परीक्षण करू नये. ‘किती छान’ म्हटले की पुढचे चित्र छान काढण्याचे ओझे येते, आणि ‘इतके काळे का?’ असे विचारले की पुढच्या वेळी काळा रंग लपवला जातो. शेजारी बसून स्वतःच्या कागदावर रेघा ओढणे ही त्यांच्याकडून होणारी सर्वांत मोठी मदत ठरते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल किंवा झोप आणि भूक पार उडाली असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना तसे स्पष्ट सांगून मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी हे बोलावे. बोलायला शब्द सुचत नसतील तर वहीतले त्या मनःस्थितीत काढलेले पान डॉक्टरांपुढे ठेवावे.

वहीवर तारीख घालावी, पण मागची पाने रोज चाळू नयेत. एखादे पान कोणालाही दाखवायचे नसेल तर ते त्याच दिवशी फाडून टाकावे.