दुसऱ्याचं ॲड-ऑन बदलून वाटायचंय? आधी परवाना बघा

एखाद्या गेमला किंवा प्रोग्रॅमला जोडायचा जादा भाग, म्हणजे ॲड-ऑन, छान आहे, थोडा बदल करून इतरांनाही द्यायचंय, पण चालेल का ते कळत नाही. कोडला हात लावण्याआधीच हे बघून घ्या.

१. फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ (LICENSE) किंवा ‘कॉपीइंग’ (COPYING) नावाची फाइल शोधा. नसेल तर रीडमी (README, सोबतची माहितीची फाइल) आणि कोडच्या पहिल्या ओळी वाचा.

२. एमआयटी (MIT) नावाचा परवाना असेल तर बदला, वाटा, विकलंत तरी चालतं. मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर तेवढा जसाच्या तसा ठेवा. जीपीएल (GPL) नावाचा परवाना असेल तर तुमची आवृत्तीही जीपीएलखालीच, सोर्स कोडसकट (वाचता-बदलता येणाऱ्या मूळ कोडसकट) द्यायची आणि बदल केल्याची तारखेसह नोंद करायची.

३. परवाना कुठेच नाही? मग सगळे हक्क लेखकाचे. कोड उघडा दिसतो म्हणून तो मोकळा होत नाही. लेखकाला सरळ विचारा: “आवृत्ती १.४ मध्ये अमुक बदल करून, तुमचं नाव ठेवून मोफत प्रसिद्ध करू का?” आलेलं उत्तर जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर तो होकार धरू नका.

आतली चित्रं, आवाज आणि फॉन्ट मात्र वेगळे तपासा. बऱ्याचदा ते तिसऱ्याच कुणाचे असतात.