ब्रेक कॅलिपरचा पिस्टन जाम झालाय? आधी होज बघा

जुन्या मारुती झेन किंवा एस्टीमचं पुढचं एक चाक तापतंय, गाडी एका बाजूला ओढतेय, तर कॅलिपर (पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलायच्या आधी त्यावरचा ब्लीडर निपल (ब्रेक ऑइल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा, प्रेशर सुटून चाक मोकळं झालं तर पिस्टन ठीक आहे, रबरी होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणारी नळी) आतून फुगून ऑइल अडवतोय. तरीही जामच असेल तर होज न काढता कॅलिपर उतरवा, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा धरून ब्रेक पेडल हळूहळू दाबा, पिस्टन आपोआप बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका प्लीज, पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं जातात! पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर घासत बसू नका, नवीनच टाका, सील किटसकट (पिस्टनभोवतीच्या रबरी रिंगांचा सेट). आणि साधं ग्रीस अजिबात नको, सील फुगतं, ब्रेक ऑइलच लावा.